माणिकप्पाचं काळं तेल

आमच्या अण्णांची मोटार वर्षातून जेमतेम पाच-सहा वेळा रस्त्याला लागायची. त्यातली एक खेप माझी. माझं सासर लातूरपलीकडच्या मुरुडला, माहेर देगलूरजवळच्या खेड्यात. पंचमीला मला आणायला मोटार यायची आणि मोटारीबरोबर माणिकप्पा. एरवी ती गोठ्याशेजारच्या पडवीत उभी, आणि कोंबड्या खुशाल तिच्या पायरीवर बसलेल्या. मोटारीची हौस अण्णांची, निस्तरायची माणिकप्पानं.

माणिकप्पा आमचा डायवर. नांदेडात एका उस्तादाच्या हाताखाली सहा वर्षं मोटारी खोलून शिकलेला. उंच, हडकुळा, कपाळाला विभूती आणि खांद्यावर एक निळं फडकं. त्या फडक्याला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्याला खपायचा नाही. पहिल्यांदा सासरी जाताना मला रडू कोसळलं, डोळे पुसायला फडकं मागितलं, तर ह्यानं पटक्याचं टोक पुढं केलं. फडकं दिलं नाही ते नाहीच.

त्याचा एक नेम होता. मोटार पळो न पळो, पाडव्याला एकदा आणि दसऱ्याला एकदा इंजिनाचं तेल बदलायचंच. कुणी हसलं तर म्हणायचा, "रोज पळणाऱ्या गाडीचे मैल मोजा. आपल्या गाडीचे महिने मोजायचे. उभ्या गाडीतलं तेल पाणी धरतंय, बाबा."

निघालेलं काळं तेल वाया जात नसे. त्या दिवशी गावातले गाडीवान करवंट्या, डबडी घेऊन आमच्या दारात हजर. बैलगाडीच्या आसाला वंगण म्हणून ते तेल फार चालायचं. माणिकप्पा उकिडवा बसून पळीनं वाटायचा, आणि तेवढ्या दिवसापुरता तोच गावचा पाटील असायचा.

मग लढाईचे दिवस आले. पेट्रोल चिठ्ठीवर मिळू लागलं, तेलाचा डबा हैदराबादेहून आणणं मुश्कील झालं. पाडव्याला माणिकप्पानं डबा मागितला. दारात गाडीवान जमलेलेच होते. अण्णांचा स्वभाव मोहरीसारखा, तापला की तडतडणार. सगळ्यांदेखत म्हणाले, "मोटार तर जागची हलली न्हाई. तेल मोटारीला लागतंय का गावच्या बैलगाड्यांना? मला समदं कळून राहिलंय, माणिकप्पा." डबा कपाटात गेला, किल्ली अण्णांच्या कमरेला.

गाडीवान रिकाम्या करवंट्या घेऊन परतले. अण्णांनी चोर म्हटलं नव्हतं, पण बाकी काय ठेवलं होतं? नोकरी सोडावी तर लोक म्हणणार, खरंच असेल. म्हणून माणिकप्पा राहिला आणि कामापुरतं बोलू लागला. अण्णा माझे वडील, पण ह्या गोष्टीचा मला अजून राग येतो.

श्रावण उजाडला. मला सातवा महिना होता, पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं. पंचमीच्या तीन दिवस आधी अण्णांनी हुकूम सोडला, "जा, सिंधूला घेऊन ये."

माणिकप्पानं तेलाच्या तोंडाचं झाकण काढलं, आतून बोट फिरवलं आणि सरळ उभा राहिला. "मी न्हाई जात, मालक."

"काय म्हणालास?"

"ह्या तेलावर गाडी लातूरसुद्धा गाठणार न्हाई. आडरानात इंजिन जाम झालं तर आक्का असल्या अवस्थेत पावसात कुठं बसंल? मला काढायचं तर काढा. दुसरा डायवर बघा."

असं उत्तर अण्णांना आजवर कुणी दिलं नव्हतं. ते काही बोलायच्या आत माणिकप्पानं मोटारीखाली सरकून तेलाचा बोल्ट सैल केला. लोखंडी पाटीत काळं तेल पडायचं, ते ताकासारखं करडं, फेसाळ पडलं. अण्णा वाकून बघतच राहिले.

"इंजिन कुणी चालू केलतं?" माणिकप्पानं विचारलं.

अण्णा म्हणाले, "मीच. दर सोमवारी, तू देवळात गेलास की. पाच मिनिटं. म्हटलं, उभी राहून तिचं अंग आखडू नये."

"पाच मिन्टात इंजिन तापत न्हाई, मालक. आत धरलेलं पाणी उडत न्हाई, तेलातच बसतंय. चालूच करायची तर पाच कोस पळवून आणायची."

अण्णा आत गेले, कपाट उघडलं आणि डबा स्वतः उचलून घेऊन आले.

इकडं मुरुडात, मोटार एक दिवस उशिरा आली म्हणून मी फुगून बसले होते. वाटेत माणिकप्पानं सगळं सांगितलं. अण्णांचे चोरटे सोमवार ऐकून मी उदगीरपर्यंत हसत होते. मग विचारलं, "अण्णा काय म्हणाले पण?"

"काय न्हाई, आक्का. डबा दिला." तो समोर रस्त्याकडं बघत होता. मला फार वाईट वाटलं.

दसऱ्यापर्यंत माझी लेक झाली होती. तिला मांडीवर घेऊन मी ओसरीवर बसले होते. माणिकप्पा तेल काढत होता, आणि गाडीवान लांब झाडाखाली थांबलेले, पुढं यायला कुणी धजेना. अण्णा धोतर खोचून पाटीजवळ उकिडवे बसले, पळी हातात घेतली आणि त्यांना हाका मारून बोलावलं.

"पाडव्याला ह्याच दारात मी माणिकप्पाला नको ते बोललो," ते म्हणाले. "मी चुकलो. त्यानं माझं ऐकलं न्हाई म्हणून माझी लेक धडपणी घरला आली. आणा करवंट्या."

अण्णांच्या तोंडून 'चुकलो' हा शब्द मी त्याआधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. शेवटची करवंटी भरेपर्यंत त्यांचे हात मनगटापर्यंत काळे झाले. पुसायला काही सापडेना, तेव्हा ते धोतराकडं हात नेऊ लागले. माणिकप्पानं खांद्यावरचं निळं फडकं काढलं आणि त्यांच्यापुढं धरलं.