वहिनीने सोडलेला वाघ

लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा मेळघाटातल्या विश्रामगृहाच्या ओट्यावर बसून मी माझ्या दिराचा कॅमेरा मागून उघडला. आत रीळ होतं आणि रिळात त्यांनी त्याच सकाळी टिपलेला वाघ होता. मला वाटलं, आत फोटो तयार होऊन बसला असेल, डब्यातल्या पोळीसारखा. बघावा आणि परत झाकण लावावं. निघाली नुसती चॉकलेटी पट्टी. ती मी उन्हात धरून पुढून पाहिली, मागून पाहिली. उजेड लागला की रीळ बाद होतं, हे मला कुठे ठाऊक! भाऊजी चहाची कपबशी घेऊन आले, पट्टी पाहिली आणि कपबशी पायरीवर ठेवली. म्हणाले, "वहिनी, वाघ सोडून देला तुमी."

मी कॅमेरा का उघडला याचं खरं कारण पुढे सांगते. तोवर घरात जे प्रसिद्ध आहे तेच चालू द्या: नवरी अडाणी, तिला वाघ बघायची घाई झाली.

भाऊजी अकोल्याला शाळेत भूगोल शिकवायचे, आम्ही अमरावतीला. मधल्या अंतरात जेवढी लग्नं, बारशी, मुंजी झाल्या, तेवढ्या ठिकाणी हे वाक्य माझ्या आधी पोचलेलं असायचं. घरात नवी सून आली की तिला माझं नाव नंतर कळे, मी वाघ सोडल्याचं आधी. सहलीला निघताना भाऊजी कॅमेरा गळ्यात अडकवायचे आणि जाहीर करायचे, "वहिनीले क्यामेऱ्यापासून दूर बसवा." सगळ्यांत मोठ्याने आमचे हे हसायचे. त्यांचा हिशेब मी घरी वेगळा चुकता केला.

माणूस जंगलाने झपाटलेला होता, हे मात्र शत्रू असूनही कबूल करते. फाटकातून आत शिरलं की त्यांचा आवाज बंद. ठेचासुद्धा कुजबुजत मागायचे. कोणी शिंकलं तरी असे बघायचे, की पुढची शिंक आपोआप जिरावी. सगळ्यांचे कपडे मातीच्या रंगाचे हवेत. आणि परत निघताना फाटकाशी मुलांना उभं करून खिसे उलटे करायला लावायचे. पिसं, गोटे, बिया, सगळं तिथंच. "जंगलाचं जंगलात ठेवा." एकदा आमच्या मिलिंदने साळिंदराचा काटा मोज्यात लपवला. तो परतवाड्यात सापडला, आणि भाऊजींनी गाडी वळवून तो काटा परत नेऊन ठेवला. त्या दिवशी मी त्यांना मनातल्या मनात बरंच काही बोलले. आज तोच मिलिंद आपल्या पोरांचे खिसे उलटे करतो.

सूड मी हप्त्याहप्त्याने घेतला. मातीचे रंग म्हणाले, तर काटेपूर्णेच्या धरणावर मी लालभडक साडी नेसून गेले. मजा अशी, की खंड्या पक्षी नेमका माझ्यापासून हातभर अंतरावर येऊन बसला. भाऊजी दुर्बिणीतून त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होते. त्यांच्या वाटचा ठेचा मी वेगळ्या डबीत न्यायचे, लवंगी मिरचीचा. जंगलात खोकायला बंदी त्यांचीच. दोन्ही डोळ्यांतून धारा लागायच्या आणि माणूस ब्र काढायचा नाही.

पण हे सगळं किरकोळ. खरं हत्यार फार उशिरा हाती आलं. मिलिंदने कॅमेरा घेतला आणि शिकवायला मला छत्री तलावावर नेलं. म्हणाला, "आई, आधी भिंगावरचं हे काळं झाकण काढ. जुन्या कॅमेऱ्यांची बघायची खिडकी वेगळी असायची, झाकण तसंच राहिलं तरी कळायचं नाही." मी ते झाकण हातात घेतलं आणि मला ती सकाळ दिसली.

जीपमध्ये समोरासमोर बाकं होती. भाऊजी माझ्या समोर. सगळे चिडीचूप, नियम त्यांचाच. एकदम त्यांनी कॅमेरा माझ्या दिशेने उचलला. मला वाटलं, नव्या वहिनीचा फोटो काढतायत. मी पदर सावरला, मान जराशी कलती केली आणि हसले, चांगली बराच वेळ. वाघ माझ्या पाठीमागून चालला होता. मी वळले तेव्हा नुसतं गवत हलत होतं. म्हणजे वाघ मी पाहिलाच नाही. आणि विश्रामगृहावर कॅमेरा उघडला तो माझा फोटो कसा आलाय ते बघायला.

पण त्या हसण्याच्या नादात मी कॅमेऱ्याचं तोंड टक लावून पाहिलं होतं. ते काळं आणि सपाट होतं. झाकण लावलेलं होतं. त्या रिळात वाघ नव्हताच.

अडचण एकच. हे सांगायचं तर माझं ते पदर सावरणंही सांगावं लागणार. महिनाभर मी दोन्ही लाजा तोलून पाहिल्या. शेवटी सूड जड भरला.

भाऊजींच्या पंचाहत्तरीला सगळं घर काटेपूर्णेवर जमलं होतं. रोडगे, वांग्याची भाजी. नव्या नातजावयाने वाघाची गोष्ट विचारली आणि भाऊजी रंगात आले. 'सोडून देला' पर्यंत मी त्यांना येऊ दिलं. मग विचारलं, "भाऊजी, झाकण काढलं होतं का?" आणि सगळं सांगितलं, पदरासकट. लोक इतके हसले की पाण्यावरची बदकं उडाली. भाऊजींनी हातातला रोडगा ताटात ठेवला. त्यांचा वाघ मी दुसऱ्यांदा सोडला होता, या वेळी जाणूनबुजून. जेवण मला फार गोड लागलं.

पुढच्या लग्नसराईआधी भाऊजी गेले. मला उलट बोलायची संधी न देता गेले, याचा राग अजून आहे. कारण पंचाहत्तरीच्या त्या दिवशी निघताना पोरांचे खिसे तपासून झाल्यावर ते माझ्या गाडीच्या खिडकीशी आले होते आणि वाकून, जंगलातल्यासारखं कुजबुजत बोलले होते. कोणत्याच लग्नात त्यांना ते सांगायला मिळालं नाही. म्हणून त्यांचा किस्सा पळवून मीच इथे लिहून टाकते.

"झाकणाचं मले माईत नव्हतं, वहिनी. पण वाघाकडे पाठ करून तुमी पदर सावरून हासून राह्यल्या होत्या, ते मले चांगलं दिसलं होतं. इतकी वर्षं म्या ते कोणाले सांगतलं नाही, अन् आज तुमीच सांगून बसल्या. आता वाघ राहू द्या, मी हेच सांगत जाईन."