व्होल्टेज चढायची वेळ

वडील गेल्यानंतर आमच्या घरात आधी टीव्ही गेला. मग मिक्सर, मग वॉशिंग मशीन, आणि उन्हाळा तोंडावर आलेला असताना फ्रिज. माणसाच्या मागोमाग वस्तूंनीही चालायला लागावं, असं ते झालं होतं. गल्लीतल्या बायका माझ्या तोंडावर काही बोलायच्या नाहीत, पण मागे कुजबुज चालायची, घराची शांत करून घ्या म्हणून. असल्या बोलण्यानं माझं डोकं फिरतं. मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीत आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका हुडकायच्या हाच माझा धंदा, त्यामुळे कारण न शोधता कुणी देवाकडे बोट दाखवलं की मी चिडते.

घर चिखलीत, चारी बाजूंनी पत्र्याच्या शेडा. वडील लातूरकडून येऊन इथे एका कंपनीत मेंटेनन्सला लागले, ओव्हरटाइम करकरून हे घर बांधलं, आणि रिटायर व्हायच्या आधीच हार्ट अटॅकनं गेले. मी नवऱ्याला सोडून कधीच परत आले होते. त्यामुळे राहिलो आई आणि मी. वडील गेल्यावर आईनं बोलणंच टाकलं. विचारलं तर हो-नाही, एवढंच. स्वयंपाक करायची, वाढायची, भिंतीला टेकून बसायची. मी डॉक्टर केले, मावशीला बोलावून घेतलं, रागावूनही पाहिलं. काही उपयोग झाला नाही.

आमच्या शेजारच्या शेडमध्ये लोखंडाचे पार्ट तापवायची विजेची भट्टी आहे. ती संध्याकाळी सुरू होते. एके दिवशी ती घुमायला लागली आणि आमच्या बाहेरच्या खोलीतला पिवळा बल्ब एकदम भडकला. वडिलांना तो पांढरा एलईडी आवडायचा नाही, म्हणून त्या खोलीत जुना बल्ब तसाच राहिलेला. पंखा पिसाटल्यासारखा फिरायला लागला, आणि वडिलांच्या फोटोवरचा चंदनाचा हार हलला. बरोबर ह्याच वेळेला कंपनीची बस त्यांना नाक्यावर सोडायची. आईनं पदर सारखा केला, वर बल्बकडे बघितलं आणि म्हणाली, "आलेत बघ."

मी तिला वेड्यात काढणार होते, पण त्याच्या पुढचं वाक्य ऐकून गप्प बसले. ती बल्बला सांगत होती की सिलिंडर संपत आलाय आणि मागच्या भिंतीला ओल येतेय. कितीतरी दिवसांनी तिचा आवाज घरात असा सलग ऐकू आला. त्यानंतर हे रोजचंच झालं. भट्टी सुरू झाली, उजेड चढला, की आई बोलायला लागायची. गावाकडची खबर, भाजीवालीशी झालेली हुज्जत, आणि माझ्या तक्रारी तर पोत्यानं. मी आत कणीक मळत ऐकायचे. खोटं कशाला बोलू, त्या उजेडात मलाही पाठीमागे कुणीतरी उभं आहे असं वाटायचं. भीती वाटायची आणि बरंही वाटायचं. उजेड उतरला की आईही उतरायची, आणि घर पुन्हा मुकं.

आणि त्याच उजेडानं एकेक वस्तू खाल्ली, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण वस्तूच होत्या, जाऊ दे, म्हणून मी डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं होतं.

मग एकदा कंपनीतून आले तर जळक्या प्लास्टिकचा वास गल्लीपर्यंत. आत धावले. भिंतीतलं सॉकेट काळं ठिक्कर पडलेलं, त्यातला चार्जर वितळून खाली लोंबत होता, खोलीभर धूर. आणि आई त्याच्याच शेजारी, बल्बखाली, पाटावर बसलेली. मी मेन बंद करायला गेले तर हातानं थांब म्हणाली. त्यांच्याशी बोलून झालं नव्हतं तिचं. माझा तोल सुटला. एखादे दिवशी तूही अशीच जळून जाशील आणि मला दारात येऊन कळेल, असं मी तिला ओरडून म्हणाले, आणि वर रडलेही.

कंपनीत आमच्या प्रत्येक पॅनलवर सर्ज प्रोटेक्टर असतो. तसाच अख्ख्या घराचा मिळतो, मेन बोर्डात बसवायचा. बाहेरून एकदम चढून आलेला दाब तो आत येऊ देत नाही, परस्पर जमिनीत उतरवतो. वायरिंग तपासून तो बसवून टाकायचं मी ठरवलं. आईला समजेल अशा भाषेत सांगितलं, की जादा आलेलं दारातच अडवायचं, आत घ्यायचं नाही. तिनं नीट ऐकून घेतलं.

"मग ते कुठून येतील?" तिनं विचारलं.

मी भांडी आपटत आत गेले. पुढचे काही दिवस आमचं वाकडंच होतं. बसवलंस तर मी गावाला जाऊन राहते, असं तिनं मावशीकरवी कळवलं. एकाच घरात राहून मावशीकरवी.

तरी रविवारी मी इलेक्ट्रिशियनला बोलावलंच. नुसतं बघून जा म्हणाले. तो बडबड्या, नांदेडकडचा, आल्या आल्या चहा मागून घेणारा. तो म्हणाला, ताई, प्रोटेक्टरचा डबा मी आत्ता बसवतो, पण आधी अर्थिंग दाखवा, अर्थिंग मेलेलं असेल तर डबा नुसता शोभेला. अर्थिंग कुठे आहे ते आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं. तो भिंतीवरची वायर धरून मागच्या अंगणात गेला आणि तुळशीवृंदावनामागे वाकला. तिथं मातीत एक पाइप होता, तोंड वर, आणि आजूबाजूची माती पार भेगाळलेली.

इथं एक सांगायला हवं. माझे वडील कुठल्याही देवळात हात न जोडणारा माणूस. आळंदी एवढी जवळ, तरी आईबरोबर गेले की बाहेरच थांबायचे. पण रोज सकाळी आंघोळ झाली की तांब्या घेऊन तुळशीपाशी जायचे. आईनं ह्या गोष्टीचा गल्लीभर डंका पिटला होता, की माणूस वरून कसाही असो, आतून श्रद्धाळू. ते गेल्यावर त्यांच्या वाटणीचं पाणी ती घालायला लागली. पाऊस असो, ताप असो, चुकवलं नाही. आणि ते सगळं पाणी सिमेंटच्या वृंदावनात, तुळशीच्या मुळाशी.

इलेक्ट्रिशियननं पाइपात बोट घालून बघितलं. कोरडं मीठ, कोरडा कोळसा. इथं वडील रोज तुळशीला पाणी घालायचे, असं मी त्याला सांगितलं. त्याला आमच्या घरातलं बाकी काय माहीत. तो सहज बोलून गेला, "काकू, साहेब तुळशीला नसतील घालत. ह्याला घालत असणार. ओल राहिली नाही की करंट जमिनीत जात नाही."

मला वाटलं, संपलं. आता हिचा तोही आधार गेला. आई पायरीवर बसली आणि त्या पाइपाकडे बघत राहिली. मग तिच्या तोंडातून "लबाड कुठले" असं निघालं आणि ती हसायला लागली. पदर तोंडात धरून हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग उठून आत गेली, तांब्या भरून आणला आणि स्वतः पाइपात ओतला. मातीनं ते पाणी गटागट पिऊन टाकलं, तसा तिनं आणखी एक आणला.

"बसव तुझा डबा," ती मला म्हणाली. "हे त्यांचं काम होतं. आपण अर्धवट सोडलं."

डबा बसला. खांबावरचा न्यूट्रल वायरचा जोड सैल होता, म्हणून भट्टी सुरू झाली की आमच्याकडे व्होल्टेज चढायचा. तो दुसऱ्या दिवशी वायरमननं येऊन आवळला. इलेक्ट्रिशियन म्हणाला, आता बिनघोर राहा.

संध्याकाळी आई पाटावर बसली. भट्टी घुमायला लागली. बल्ब होता तसाच राहिला, मंद, पिवळा. पंखा आपल्या चालीनं फिरत होता. हार हलला नाही. आई बराच वेळ वर बघत होती, मग उठून तिनं तांदूळ निवडायला घेतले. दुसऱ्या दिवशीही तेच. पाट मात्र ती रोज टाकायची. त्या घरात तेव्हा जी शांतता होती ती मी शत्रूलाही चिंतणार नाही. वडील एकदा गेले होते, आता मी त्यांना दुसऱ्यांदा घालवलं, असं मला वाटायला लागलं. कंपनीत पार्ट हातात घेऊन मी नुसतीच उभी राहायचे.

शेवटी मला राहवलं नाही. एका संध्याकाळी भट्टी सुरू झाल्याबरोबर मी तिच्या पाठीमागून बोर्डापाशी गेले आणि पंख्याचा रेग्युलेटर हळूच पुढे सरकवला. पंखा वेगानं फिरायला लागला. हार हलला.

"उगं कशाला नाटक करायलीस," आई मागं न बघता म्हणाली. आवाजात राग नव्हता. "ते भट्टीनं होत होतं. मला काय कळत नव्हतं व्हय? पहिल्या दिवसापासनं कळत होतं. पण आले म्हणलं की मला तोंड उघडता यायचं. आता काय म्हणून उघडू?"

मी पंखा कमी केला आणि तिच्या समोर फरशीवर बसले. म्हणाले, माझ्याशी बोल. मी आहे ना. कायपण सांग, माझ्या तक्रारी मलाच सांग.

तिनं माझ्याकडे बघितलं. प्रयत्न केला तिनं, मला दिसलं ते. ओठ हललेही. मग तिनं हात लांब करून माझ्या कपाळावरचे केस मागं सारले आणि विचारलं, जेवायला काय करू.