पुरी-भाजी वर्ज्य

पानात चार टम्म फुगलेल्या पुऱ्या, शेजारी बटाट्याची पिवळीधमक भाजी, तिच्यावर कोथिंबीर. आणि माझे सासरे पानावरून उठून चष्मा शोधायला निघालेले. कशाला? तर फ्रिजवरचा कागद वाचायला!

हा कागद म्हणजे त्यांचा आहारतक्ता. सहा वर्षांपूर्वी त्यांचं वजन ब्याऐंशी किलो होतं, एक जिना चढले की धाप लागायची. तेव्हा आमच्या कोथरूडमधल्याच एका आहारतज्ज्ञ बाईंनी तो करून दिला होता. सासऱ्यांनी त्याच संध्याकाळी तो लॅमिनेट करून आणला. सरकारी नोकरीत नकाशे काढण्यात त्यांचं आयुष्य गेलं. कागदावर प्लास्टिक चढलं की त्यांच्या लेखी तो कायदा. आणि त्या कायद्यात ‘वर्ज्य’ या मथळ्याखाली पहिलंच नाव पुरी-भाजीचं.

आता त्यांचं वजन शेहेचाळीस किलो. या हिवाळ्यात न्यूमोनिया झाला आणि अठरा दिवस हॉस्पिटलमध्ये काढून घरी आला तो माणूस नव्हे, हँगरवर टांगलेला सदरा. डॉक्टरांनी निघताना बजावलं होतं, “खायला घाला. महिन्याभरात वजन वाढलं नाही, तर नाकातून नळी घालावी लागेल.” त्याला तीन आठवडे होऊन गेले होते आणि काटा उलट खालीच चालला होता. दुधी, दलिया, मुगाचं पाणी, सगळ्याला अर्धी वाटी झाली की एकच उत्तर, “पुरे.”

त्या रविवारी सकाळी मात्र ते आपणहून म्हणाले, “पुरी-भाजी खावीशी वाटतेय.” मी दात घासतानाच कुकरला बटाटे लावले म्हणा ना! कणीक घट्ट भिजवली, चिमूटभर रवा घातला, तेल चांगलं तापवलं, पान वाढलं. आणि हे उठले.

“बाबा, गार होतंय. बसा.”

“मला शंका होतीच. वर्ज्यच आहे.”

“अहो, तुम्ही जाड होतात तेव्हाचा आहे तो कागद!”

“त्यावर मुदत लिहिलेली नाही.”

माझ्या हातात झारा होता, हे मी आधीच सांगून ठेवते. तेवढ्यात सोफ्यावरून नवऱ्याने मोबाइलमधून डोकं वर काढलं. “तसं बाबांचं बरोबर आहे हं. एकेका पुरीत किती कॅलरी असतात माहितेय का तुला?”

“त्या कॅलरीच हव्यात त्यांना! ऊठ आणि तेलाखालचा गॅस बंद कर, नाहीतर पुढची पुरी तुझी तळते!”

तो उठला. मी मात्र तशीच फ्रिजसमोर उभी राहिले, कारण कागद पहिल्यांदाच नीट वाचला. सकाळी दलिया अर्धी वाटी. दुपारी दुधी, बिनतेलाची. रात्री मुगाचं पाणी. म्हणजे तीन आठवडे मी दुसरं काय शिजवत होते? डॉक्टर सांगताहेत वजन वाढवा आणि मी, शहाणी, वजन उतरवायचा तक्ता बघून माणसाला जेवायला वाढतेय! नवऱ्यावरचा, सासऱ्यांवरचा सगळा राग गर्रकन फिरून माझ्याच अंगावर आला आणि तिथे त्याला झारा दाखवायची सोय नव्हती.

रविवार असूनही मी त्या बाईंना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. सगळं ऐकून त्या जवळजवळ किंचाळल्याच. “अहो ताई, तो तीन महिन्यांसाठी होता! आजोबांना द्या फोन. आजोबा, पुरी खा. बटाटाही खा, त्याने काही पाप केलेलं नाही. तुम्हाला आत्ता ताकद हवी आहे. फक्त पुरी-बटाट्यात प्रोटीन कमी पडतं, तर जोडीला वाटीभर दही घ्या, नाहीतर मटकीची उसळ. रोज तळलेलं नको, पचायला जड जाईल. आज मात्र पोटभर खा.”

“लेखी द्याल?” सासऱ्यांनी विचारलं.

बाईंनी मेसेज पाठवला. सासऱ्यांनी तो दोनदा वाचला. “वाटी म्हणजे कोणती वाटी, ते दिलेलं नाही.”

“बाबा!” हे मी इतक्या जोरात ओरडले की समोरच्या गॅलरीतल्या बाई वाळत घातलेली चादर तशीच सोडून आत गेल्या.

पहिल्या चारही पुऱ्या एव्हाना चपट्या पडल्या होत्या. त्या मी नवऱ्याच्या पानात आपटल्या आणि पुन्हा तेल तापवलं. सासऱ्यांनी पहिली पुरी बोटाने फोडली, वाफ गेली, भाजीचा घास घेतला. मी कमरेवर हात ठेवून उभी. एक संपली. दुसरी संपली. दह्याची वाटी चाटूनपुसून साफ झाली. तिसरी अर्धी तोडून ते थांबले.

“ही चिवट आहे. तेल नीट तापलं नव्हतं. असं असलं की पुरी तेल पिते.”

तीन आठवडे दुधीबद्दल चकार शब्द न काढलेला हा माणूस आता माझ्या तळण्यात खोट काढत होता! मी तणतणत आत गेले, चौथी पुरी तळून आणली आणि त्यांच्या पानात टाकली. ती त्यांनी पूर्ण खाल्ली. मग पाणी प्यायले आणि विचारलं, “उद्या काय आहे?”

“थालीपीठ,” मी फणकाऱ्याने म्हणाले. “वर लोण्याचा गोळा.”

“मोठं लाव,” ते म्हणाले.