रुपचंद नानांची नावं पडद्यावर

रुपचंद नानांची उमर लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवण्यात गेली. शिंदखेड्यापासून पाचोऱ्यापर्यंत कुठल्याही गावात गेलं तरी त्यांना ओळखणारं कुणीतरी निघायचंच. पण साठी उलटली आणि डोळ्यांनी दगा दिला. ऑपरेशन झालं, तरी बारीक अक्षर दिसेना. वाजवायला जाणं सुटलं, आणि पाठोपाठ फोनही सुटला. बटणांच्या फोनवर आकडे ते बोटांनी चाचपून बरोबर दाबायचे. पण आत साठवलेली नावं वाचायची कशी? दर वेळी सुनेला हाक मारायचा त्यांना संकोच वाटे. मग त्यांनी कुणाला फोन करणंच सोडलं. धुळ्याच्या घराच्या ओट्यावर नुसते बसून राहायचे.

सून नूतन जळगावची. घरीच शिकवण्या घ्यायची. तिच्याकडे माहेरचा जुना कॉम्प्युटर होता. विंडोज त्याला झेपेना म्हणून भावाने त्यावर लिनक्स ही हलकी प्रणाली टाकून दिली होती. एके दिवशी तिच्या मनात आलं, नानांच्या फोनमधली नावं या पडद्यावर आणली तर? अक्षरं हवी तेवढी मोठी करता येतील. नाना स्वतः वाचतील, स्वतः फोन लावतील.

फोनची वायर लावायची जागा फक्त चार्जिंगपुरती उरली होती, म्हणून तिने ब्लूटूथने जोडायचं ठरवलं. जोडणी लगेच झाली. नाना फोन खिशात टाकून ओट्यावर गेले. नूतनने नावं मागवली, तर यादी रिकामी. जोडणी तोडून पुन्हा केली, ब्लूटूथ बंद करून चालू केलं, इंटरनेटवर वाचून कॉम्प्युटरच्या आज्ञा द्यायच्या काळ्या खिडकीत आज्ञा टाइप केल्या. यादी रिकामीच. शेवटी पडद्यावर एक ओळ उमटली: परवानगी नाकारली.

कॉम्प्युटरच अडवतोय असं समजून ती त्याच्याच सेटिंगा धुंडाळत बसली. पण तिथे सगळं ठीक होतं. मग नाकारतंय कोण? ती उठून ओट्यावर आली.

"नाना, फोनवर काही आलं होतं का?"

"आलं ना. सारखा वाजतोय. मी लाल बटण दाबून टाकतो."

"अहो, का?"

"तूच सांगितलं होतंस, वाचल्याशिवाय कशाला हो म्हणायचं नाही. मला अक्षर दिसतं कुठे?"

नूतनला हसू आलं, आणि गलबलूनही आलं. तिने त्यांना आत आणून शेजारी बसवलं. पुन्हा नावं मागवली. फोन वाजला.

"कॉम्प्युटर विचारतोय, नावं बघू का? तुमची नावं आहेत नाना, तुम्हीच सांगा."

नानांनी डावं, 'हो'चं बटण चाचपलं आणि दाबलं.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग पडदा भरत गेला. नूतनने अक्षरं वाढवली, आणखी वाढवली. नाना पुढे सरकले, मान तिरकी करून बघू लागले. "अमृत... गाडीवाला," ते सावकाश म्हणाले. "भाईदास... वरपाडा." मग थांबले. "पुना ढोल!"

पुना नरडाण्याचा, बँडमधला त्यांचा जोडीदार. पडद्यावर बघत नानांनी एकेक आकडा दाबला. नूतन मुद्दाम स्वयंपाकघरात गेली, पण कान इकडेच होते. पलीकडचा पुनाचा आवाजही तिला ऐकू येत होता.

"कोन शे?"

"मी रुपचंद."

"अरे! इतला दिन कथा व्हता तू?" इतके दिवस कुठे होतास, म्हणून पुना विचारत होता.

डोळ्यांचं सगळं नानांनी सांगितलं. पुना म्हणाला, डोळे गेले तरी बोटं आहेत ना. बँडमधली नवी पोरं सूर सोडून पळतात, दर रविवारी तालीम असते, ये.

त्या रविवारी मुलाने नानांना नरडाण्याच्या गाडीत बसवून दिलं. निघण्याआधी नानांनी भाईदासलाही फोन लावला होता, कुणाला न विचारता. घरून निघताना त्यांच्या काखेत क्लॅरिनेटची पेटी होती, आणि नूतन दारात उभी राहून, पोचल्यावर फोन करा, म्हणून बजावत होती.