काटेसाहेबांच्या टाकीतलं शेवाळ

काटेसाहेबांचं खरं नाव वेगळंच होतं, पण ते पोस्टमन आणि बायको सोडून कुणाच्या लक्षात नव्हतं. छत्तीस वर्षं वजनमाप खात्यात नोकरी. दुकानादुकानातून हिंडायचं, तराजू तपासायचे, वजन खोटं निघालं की जप्त करायचं, खरं असलं तर सील ठोकायचं. काटा केसभर कलला तरी या माणसाला दिसायचा, म्हणून हे नाव पडलं आणि निवृत्तीनंतरही चिकटून राहिलं. घरातही तोच खाक्या. चहात साखर दीड चमचा म्हणजे दीड, पावणेदोन झाली तर कप परत. बायकोने चाळीस वर्षं हे निभावलं. सत्कार खरं तर तिचा व्हायला हवा होता, पण निरोप समारंभात हार याच्याच गळ्यात पडला.

निवृत्त माणसं काय काय करतात! कुणी कुंड्या लावतं, कुणी शेजाऱ्यांच्या भानगडीत नाक खुपसतं. काटेसाहेबांनी मासे पाळले. तेही साध्या पाण्यातले नव्हेत बरं का, खाऱ्या पाण्यातले, कारण त्यात मोजायला भरपूर असतं. चार फुटी काचेची टाकी, मुद्दाम खिडकीपासून लांब ठेवलेली. मीठ तोलून विरघळवायचं, पाणी आटलं की गाळलेलं गोडं पाणी खुणेपर्यंत भरायचं, दिवे आठ तास, खाणं दिवसातून एकदाच, सकाळी नऊला, दोन चिमटी. आत खडक, गोगलगायी, तीन निळे मासे, आणि नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली एक जोडी. ही जोडी दिवसभर एका समुद्रफुलाच्या, म्हणजे फुलासारख्या दिसणाऱ्या समुद्री जिवाच्या, कुशीत लोळत असायची. तीन वर्षं टाकी लख्ख होती. येणाराजाणारा तोंडात बोट घालायचा आणि काटेसाहेब उगाच पेपर वाचल्यासारखं करायचे.

आणि मग शेवाळ आलं.

आधी एका खडकावर हिरवी छटा. मग लांब, केसाळ, चिवट झुपके. काटेसाहेब बाह्या सरसावून भिडले. टूथब्रशने खडक घासले, तुटलेले धागे नळीने ओढून काढले, पाचवा हिस्सा पाणी बदललं, दिवे आठ तासांवरून पाचांवर आणले. चार दिवस बरं वाटलं. पाचव्या दिवशी हजर! आता ते समुद्रफुलाच्या बुडाशी पोचलं होतं आणि फूल दिवसेंदिवस आकसत चाललं होतं. जोडी त्याच्याभोवती नुसती घिरट्या घालायची. हे बघून साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं.

बाटलीत पाणी भरून ते मासेवाल्याकडे गेले. मासेवाला जुना, कमी बोलणारा माणूस. त्याने नळकांडीत पाणी घेतलं, औषधाचे थेंब टाकले, रंग गडद निळा झाला तसा तोंडाने 'च्च' केलं.

"साहेब, खाणं जास्त पडतंय. उरलेलं तळाशी कुजतं, त्याचं होतं खत. मग शेवाळाची चंगळच की."

"शक्यच नाही. एकदा, दोन चिमटी. तीन वर्षं एकदाही चुकलेलं नाही."

"मग घरात दुसरं कुणीतरी घालतंय. विचारून बघा."

काटेसाहेबांच्या छातीत धस्स झालं. वाक्य साधंच होतं, पण त्यांच्या घरात माणसं दोनच.

या धसक्याला कारण होतं. त्यांचा थोरला भाऊ, दादा, शाळेत गणित शिकवायचा. वर्गातल्या साठ मुलांचे हजेरी क्रमांक तोंडपाठ असलेला माणूस. अडुसष्टाव्या वर्षी जेवण झाल्यावर अर्ध्या तासात तो परत ताटावर येऊन बसायला लागला, आणि 'तुम्ही जेवलात' म्हटलं की भांडायला उठायचा. शेवटी शेवटी वहिनीला म्हणाला, "बाई, तुम्ही कुणाच्या इथल्या?" वहिनी स्वयंपाकघरात जाऊन रडली होती, ते काटेसाहेबांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. आता त्यांनाच अडुसष्टावं लागलं होतं. शेवाळ दिव्याने येवो, पाण्याने येवो, मिठात भेसळ असो, काहीही चालेल, फक्त ते आपल्या डोक्यातून आलेलं नसावं, एवढंच त्यांना हवं होतं. ते तडक घरी आले.

बायको शेंगा निवडत बसली होती.

"अगं, माशांना तू खायला घालतेस का?"

तिचा हात क्षणभर थांबला. मग म्हणाली, "हो. घालते कधीकधी. काचेला तोंड लावून बघतात हो, दया येते."

हुश्श! काटेसाहेबांना असं हायसं वाटलं, असं हायसं वाटलं, की त्यांनी तिला अर्धा तास झापलं. मुक्या जिवांशी खेळ, शिस्त नाही, माप नाही, सगळं खापर तिच्या डोक्यावर फोडून मोकळे झाले. एरवी एकाला चार सुनावणारी बाई, पण त्या दिवशी मान खाली घालून शेंगा निवडत राहिली. "चुकलं माझं," म्हणाली. साहेब दुपारी गाढ झोपले.

पण शेवाळ काही हटेना. पुन्हा विचारलं, पुन्हा तिने कबूल केलं, पुन्हा हे कडाडले. असं तीनदा झालं. एवढं बोलूनही ही ऐकत कशी नाही? मनात पाल चुकचुकत होती, ती पाल गप्प करायची तर पुरावा हवा. मग काटेसाहेबांनी खात्याची पद्धत काढली. खाण्याचा डबा टाकीखालच्या कपाटात ठेवून कुलूप घातलं. किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात, आंघोळीलासुद्धा काढायची नाही. कपाटाच्या फटीवर कागदाची पट्टी डिंकाने चिकटवायची, वर स्वतःची सही. नऊला पट्टी फाडायची, दोन चिमटी घालायच्या, नवी पट्टी लावायची. फाडलेली पट्टी बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकायची, कारण खात्यात फुटलेलं सील कधी फेकत नसत. सात दिवसांनी त्या पट्ट्या मोजायच्या.

बायकोने हा सरंजाम बघितला आणि तिचा चेहरा उतरला. "अहो, राहू द्या ना. इतकं कशाला?"

"का? घाबरलीस?"

"हो," ती म्हणाली.

बघा, चोराच्या मनात चांदणं, असं मनाशी म्हणून साहेब सुखावले.

तो आठवडा मात्र वाईट गेला. खडक दिसेनासे झाले. एक निळा मासा मेला. जोडीतली मादी पाण्याच्या वरच्या थराला येऊन तोंड उघडझाप करायला लागली. साहेब दिवसातून दहा वेळा टाकीपाशी जाऊन उभे राहायचे, काय करायला आलो हे विसरल्यासारखे, मग परत खुर्चीत. कपाटाचं सील प्रत्येक वेळी शाबूत. म्हणजे डब्याला कुणी हात लावलेला नाही. मग हे येतंय तरी कुठून?

आठव्या दिवशी न्याहारी झाल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि बिस्किटांचा डबा टेबलावर उपडा केला.

सात पट्ट्या निघायला हव्या होत्या. निघाल्या एकोणीस.

त्यांनी पुन्हा मोजल्या. पाच-पाचाच्या राशी लावून मोजल्या. तीन राशी आणि वर चार. मग उजेडात धरून एकेक सही तपासली, आयुष्यभर दुकानदारांची खोटी सील तपासली तशी. शेपटीचा तोच झटका, खाली तेच दोन ठिपके. नक्कल म्हणावं तर एकही नक्कल नव्हती. किल्ली छातीवर होती, घामाने ओली. त्यांनी कालचा दिवस आठवून बघितला. नऊची वेळ आठवली. त्यानंतर दुपारी आपण वाकलो, पट्टी फाडली, डबा उघडला, सही केली, यातलं काही म्हणजे काही आठवेना. काटेसाहेबांना भीती वाटली.

बायको पदराला हात पुसत आली. तिने टेबलाकडे बघितलं आणि समोर बसली.

"तू घालत नव्हतीस," ते म्हणाले.

"नाही."

"एकदाही नाही?"

"मला त्या डब्याचा वाससुद्धा सोसत नाही हो. तुम्ही पडलात की मी जाळीने उरलेलं काढत होते जमेल तेवढं. सगळं कुठलं निघतंय."

"मग कबूल कशाला केलंस? मी इतकं वाट्टेल ते बोललो तुला."

"बोलू दिलं. माझ्यावर ओरडलात की तुम्हाला झोप लागायची."

काटेसाहेबांना हुंदका आला, तो त्यांनी खोकल्यात घालवायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. त्यांनी गळ्यातला दोरा काढला आणि किल्ली तिच्यासमोर ठेवली.

"दोन चिमटी. नऊला. जास्त नको."

"बरं."

"आणि मला डॉक्टरांना दाखवायला हवं. उशीर नको. दादाच्या वेळी उशीर झाला होता."

"गुरुवारी जायचंय. वेळ घेऊन ठेवलीय मी."

"मला न विचारता?" जुन्या सवयीने त्यांचा आवाज चढला.

बायकोने पट्ट्या एकत्र केल्या, टेबलाच्या कडेला सारल्या.

"विचारलं होतं," ती म्हणाली. "परवा विचारलं, तुम्ही हो म्हणालात. आज सकाळी चहा घेताना पुन्हा सांगितलं. तेव्हाही हो म्हणालात."

काटेसाहेबांनी टेबलावरून हात पुढे केला आणि तिचं मनगट घट्ट धरलं.

"आता परत सांग," ते म्हणाले. "गुरुवारी किती वाजता?"