साकु! साकु!

बीदरला कॉलेजात असताना आमच्या सीनियर पोरांच्या रॉक बँडवर माझा भारी जीव. गावातल्याच मैलूर भागातल्या एका हॉलात त्यांचा कार्यक्रम झाला, पण मला आवडणारं गाणं काही शेवटपर्यंत आलं नाही. मंडळी बेंगळूरकडची, म्हणून मी कानडीतच फर्माईश केली, “साकु! साकु!”

कानडी मी मेसमध्ये शिकलो होतो. पोरं “साकु” म्हणाली की वाढणारी अक्का हमखास आणखी एक पळी सांबार ओतायची. तेव्हा साकु म्हणजे ‘आणखी’, हे कमलनगरच्या या विद्वानानं ताडलं होतं.

गाणाऱ्यानं गिटार खाली ठेवली. मी अजून जोरात ओरडलो. तो वायर गुंडाळायला लागला.

शेजारी बसलेला आळंदचा दोस्त म्हणाला, “कामून हाकलायलास रे त्यांना? साकु म्हंजी बास!”

मी खुर्च्या ओलांडत स्टेजपाशी धावलो आणि मोडक्या हिंदीत सांबाराची सगळी कैफियत मांडली. गाणारा पोट धरून हसला आणि त्यानं गिटार पुन्हा गळ्यात अडकवली.

ते गाणं मी जिवाचा कान करून ऐकलं. इंग्रजी होतं, त्यामुळं त्यातलं तर ओ की ठो कळलं नाही.