अंजणारीच्या चढावरचे शलमोनकाका

समस्त सज्जनांस, आणि संख्येने त्यांच्याहून बऱ्याच जास्त असलेल्या आमच्यासारख्यांस, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, रत्नागिरी शहरात एक इसम असा होऊन गेला, जो रविवारच्या उपासनेची घंटा वाजवायला लागला की दोन टोल्यांच्या मध्ये माणसाचा चहा पिऊन व्हायचा. सदर इसमाचे नाव शलमोन. धंदा, गॅरेजातला निवृत्त मिस्त्री. हुद्दा, आमच्या चर्चचा बिनपगारी घंटावाला. गेल्या पावसाळ्यात वारले. तिथेही घाई नव्हती. डॉक्टरांनी दोन दिवस सांगितले होते, काकांनी पाच महिने घेतले.

काका बांगडा खायला बसले की समोरची मांजरं कंटाळून उठून जायची. जीपचा एक नट आवळायचा तर आधी तो नट हातावर घेऊन त्याच्याकडे बघत बसायचे, जणू लग्नासाठी स्थळच आलं आहे. गिऱ्हाइकं चिडायची, गाड्या सोडून जायची, आणि आठ दिवसांनी दुसऱ्या मिस्त्रीने बिघडवलेली तीच गाडी ढकलत परत काकांकडे आणायची. काका म्हणायचे, "ये बाबा. गेलास कुठे होतास?"

रविवारच्या शब्बाथशाळेत ते आम्हा मुलांना वर्षानुवर्षं एकच गोष्ट सांगत. शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, एक राजा. समोर शत्रूचं सैन्य, किनाऱ्यावरच्या वाळूसारखं. देवाच्या संदेष्ट्याने त्याला बजावलेलं, सात दिवस थांब, मी येऊन देवाला अर्पण करीन, मग पुढचं सांगेन. राजा सहा दिवस थांबला. सातव्या दिवशी त्याची माणसं एकेक करून पळायला लागली, तसा त्याचा धीर सुटला आणि संदेष्ट्याचं काम त्याने स्वतःच उरकून टाकलं. अर्पणाचा धूर अजून वर जातोय, तोच संदेष्टा समोर हजर! राजाचं राज्य गेलं.

"कितीश्या वेळान् गेला रे राज्य?" काका विचारायचे.

"अर्ध्या तासाने!" आम्ही ओरडायचो. शास्त्रात अर्धा तास कुठेही लिहिलेला नाही हे मला पुढे चर्चच्या पाळकांकडून कळलं, पण काकांना तो माहीत होता.

त्यामुळे कोणी घाईला आलं की काकांचं ठरलेलं वाक्य, "अरे, सातवा दिवस अजून मावळला नाय!" रिक्षावाल्याला, दुकानदाराला, लांबलेल्या प्रवचनात चुळबुळणाऱ्या बायकांना, सगळ्यांना ते हे ऐकवत. पण सगळ्यांत जास्त वेळा ऐकलं असेल ते मी. कारण फणस पिकला का हे बघायला त्याला रोज सुरी मारणारा माणूस मीच. आमच्या घरातला एकही फणस नैसर्गिक मरणाने मेलेला नाही.

आता माझ्या लेकीच्या, रिबेकाच्या लग्नाकडे येतो.

जावई डॅनियल मालवाहू बोटीवर नोकरीला. लग्न ठरलं, तीन रविवारी चर्चमध्ये लग्नाची जाहीर पुकार झाली, आणि बोटीवरून निरोप आला की ठरल्याच्या आधीच हजर व्हा. म्हणजे लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी पहाटेच्या गाडीने मुंबई, आणि मग नऊ महिने समुद्र. त्या दिवशी लग्न लागलं तर लागलं, नाहीतर नऊ महिने नाही. आम्हा ख्रिस्ती लोकांत मुहूर्त नसतो याचा मला फार अभिमान होता. त्या दिवसापासून कमी झाला. कारण मुहूर्त नसला तरी कायदा आहे. खास परवाना नसेल तर लग्न संध्याकाळी सातच्या आत लागलं पाहिजे. सात म्हणजे सात.

आमच्या चर्चच्या मंडळीला तेव्हा स्वतःचा पाळक नव्हता. लांज्याचे पाळकसाहेबच आमच्याकडे बघायचे. नेमकं त्या दुपारी त्यांना तिकडे एक दफनविधी होता, म्हणून लग्न साडेपाचला ठेवलं आणि चार वाजता त्यांना लांज्याहून उचलायला गाडी सांगितली. गाडीवाल्याने ऐन वेळी फोन केला, "जमत नाय." नवरीची गाडी फुलांनी मढवलेली. उरली शलमोनकाकांची जुनी जीप. बरोबर मी गेलो. घरी राहिलो असतो तर बायकोने मला मांडवाच्या खांबाला बांधलं असतं.

मे महिना. लांज्याहून पाळकसाहेबांना घेतलं. दफनविधीवरून थेट आलेले, अंगात पांढरा झगा, हातात काळी बॅग. अंजणारीचा पूल ओलांडला, चढ सुरू झाला आणि पावणेपाच वाजता बॉनेटमधून वाफ निघायला लागली. काकांनी जीप कडेला घेतली, बॉनेट उघडलं आणि हात मागे बांधून उभे राहिले.

"काका, किती वेळ?"

"पाऊण तास. निवली की पाणी घालू, मग निघू."

"पाऊण तास? काका, रिबेकाचं लग्न आहे आज!"

"तिचंच हाय ना? मग जीपला ठाऊक नाय ते."

पाळकसाहेब एका जांभ्याच्या दगडावर जाऊन बसले. मी घड्याळ बघितलं. रस्ता बघितला. घड्याळ बघितलं. चार मिनिटं झाली होती. काका जीपच्या मागे पाण्याचा कॅन काढायला गेले आणि मी पुढच्या सीटवरचं फडकं उचललं. रेडिएटरचं झाकण थोडं सैल करायचं, एकच आटा, वाफ निघून जाईल, पाणी ओतू, चालू पडू. फडकं झाकणावर ठेवलं मात्र, माझं मनगट पकडलं गेलं. त्या वयात त्या हातात तेवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं.

"सोड," काका म्हणाले. 'रे' नाही, 'बाबा' नाही. मी सोडलं.

त्यांनी ते फडकं घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवलं. मग जीपकडे बघतच बोलायला लागले.

"दत्तू माहीत हाय ना तुला? मांडवीचा. एक डोळा नाय त्याला."

माहीत होता. काका दर रविवारी उपासना सुटली की त्याच्याकडे जात. आम्ही म्हणायचो, म्हातारे पत्ते कुटत असतील.

"आम्ही दोघं एकाच गॅरेजात होतो. नाताळची संध्याकाळ. मला घरी जायची घाई, गिऱ्हाईक डोक्यावर उभं, गाडी अशीच उकळलेली. दत्तू बोलला, थांब जरा. मी बोललो, तू उजेडाला बॅटरी धर. आणि झाकण फिरवलं." काकांनी कपाळ पुसलं. "मी बाजूला उभा होतो, विल्सन. माझ्या अंगावर थेंब नाय आला. घाई माझी, डोळा दत्तूचा. घाई करणारा कधी भाजत नाय बघ. बाजूचा भाजतो."

"मग... तो काय म्हणाला?"

"काय नाय. चाळीस वर्षं झाली. गेलो की चहा देतो."

खाली नदीवर कोणीतरी कपडे आपटत होतं, तेवढाच आवाज. एखाद्या शहाण्या माणसाने त्यानंतर दगडावर बसून आयुष्याचा विचार केला असता. मी पण केला. सात मिनिटं केला. मग फोन वाजला.

"पप्पा, कुठे आहात?" रिबेका. आवाज बारीक. "डॅनियलचे बाबा विचारतायत, नाही जमलं तर काय करायचं..."

आणि त्याच क्षणी खालून चढावर मासळीची एक रिकामी पिकअप आली. मी रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो. ड्रायव्हरने ब्रेक मारला आणि मला, माझ्या आईला आणि अंजणारीच्या घाटाला एकत्र नावं ठेवली. रत्नागिरीलाच चालला होता!

"पाळकसाहेब, चला!"

पाळकसाहेब उठले आणि काकांकडे बघू लागले. "शलमोन, तुम्ही काय म्हणता?"

"अर्ध्या तासात निघतो आपण. सातवा दिवस अजून..."

"काका, पाया पडतो, आज नको!" मी पाळकसाहेबांचा दंड धरला होता आणि तो सोडायचा माझा काही विचार नव्हता. त्यांना पुढे ड्रायव्हरशेजारी चढवलं, त्यांच्या मागून मी घुसलो. आरशात काका दिसत होते. रागावलेले नव्हते. कॅन खाली ठेवून जीपच्या सावलीत बसत होते.

पालीचं गाव मागे टाकलं तेव्हा माझी छाती फुगली होती. हातखंबा आता आलाच, तिथून रत्नागिरी ती किती? मी पाळकसाहेबांना म्हणालोसुद्धा, "कधीकधी माणसाला निर्णय घ्यावा लागतो." ते 'हूं' म्हणाले. त्यांच्या झग्याच्या बाहीला खवले चिकटले होते. आणि फाट्! पिकअप डावीकडे कलली.

टायर. स्टेपनी होती. स्टेपनीतही हवा नव्हती. ड्रायव्हर एका मोटरसायकलवाल्याच्या मागे ते चाक मांडीवर घेऊन बसला आणि पंक्चर काढायला निघून गेला. राहिलो आम्ही दोघं. मी प्रत्येक गाडीला हात करत होतो. रस्त्याच्या कडेला खवल्यांचा पांढरा झगा घातलेले एक गंभीर गृहस्थ आणि त्यांच्यापुढे उड्या मारणारा एक सुटातला माणूस बघून गाड्या थांबायच्या ऐवजी वेग वाढवत होत्या. पावणेसहा. सहा.

सहा वाजून पाच मिनिटांनी ओळखीचा आवाज आला. जीप! काका दोन्ही हातांनी चाक धरून, नजर नाकासमोर. गाडी चालवताना डावी-उजवीकडे बघणं काकांच्या मते चंचलपणा होता. मी किंचाळलो. बूट घसरेपर्यंत मागे पळालो. जीप त्याच संथ चालीने वळणापलीकडे गेली. काकांना फोन करावा तर त्यांचा मोबाइल घरी फडताळात असायचा, हरवू नये म्हणून.

"विल्सन," मागून पाळकसाहेब म्हणाले, "माझी बॅग."

"कुठे आहे?"

"आत्ता गेली ना, तिच्यात. लग्नाचं रजिस्टर आहे बॅगेत."

मी त्या दगडमातीत खाली बसलो. चर्चमध्ये आता रजिस्टर पोचणार होतं, पाळक नाही. पाळक माझ्याजवळ होते, आणि ते मी स्वतः, दंडाला धरून, ओढून आणले होते. त्या राजाला निदान समोर सैन्य तरी होतं. मला काय होतं? पावणेपाचपासूनची तीस-चाळीस मिनिटं!

सव्वासहाला एका रिक्षावाल्याला दया आली. आम्ही चर्चच्या फाटकात उतरलो तेव्हा सहा चाळीस झाले होते. पायरीवर माझी बायको उभी. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग वास घेतला.

"अहो, पाळकांना आणायला गेला होतात की मासळी?"

रिबेका दाराशी होती. काजळ गालावर उतरलेलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "पप्पा, काका साडेसहाला आले. आम्ही सगळे बाहेर धावलो. जीपमध्ये तुम्ही नव्हतातच." मला अंजणारीचं ते गरम झाकण आठवलं. माझ्या अंगावर थेंबही आला नव्हता.

काका काळी बॅग घेऊन उभे होते. पाळकसाहेबांच्या हातात त्यांनी ती दिली, त्यांच्या बाहीवरचे दोन खवले नखाने काढले, माझ्याकडे न बघता आत जाऊन घंटेच्या दोरीजवळच्या बाकावर बसले. मी मान खाली घालून पुढच्या बाकावर गेलो आणि शपथ घेतली की आज आपण तोंड उघडायचं नाही. जीभ दातांत धरली ती खरोखरीच धरली.

गीताचं एकच कडवं झालं. प्रवचन पाळकसाहेबांनी गाळलं. पण प्रार्थनेचा शब्द न् शब्द घेतला, कारण देवाच्या पुढे ते काही गाळत नसत. सहा पन्नास. पंख्याखाली शंभर माणसं श्वास धरून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. डॅनियलच्या कपाळावरून घामाचा ओघळ कॉलरमध्ये शिरला. 

आणि पाळकसाहेबांनी तो प्रश्न विचारला, जो विचारावाच लागतो. या दोघांच्या विवाहाला कोणाची योग्य हरकत असेल तर त्याने आत्ताच सांगावं, नाहीतर कायमचं गप्प राहावं.

मग ते थांबले. नियम म्हणजे नियम. हरकत घेणाऱ्याला उठायला वेळ दिला पाहिजे. त्यांनी चष्मा काढला. झग्याच्या टोकाला पुसला. डावीकडच्या बाकांकडे बघितलं, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत. मग उजवीकडच्या बाकांकडे वळले. सहा चोपन्न. माझ्या तोंडात रक्ताची चव आली, पण मी बोललो नाही. बोलला तो मागून, घंटेच्या दोरीजवळून, आयुष्यात पहिल्यांदाच ताडकन उठून उभा राहिलेला, शलमोनकाकांचा आवाज:

"नाय हो कोणाची हरकत! लावा लवकर, आटपा, सात वाजायला आले!"